एक्क्यांची जोडी आणि तीन पत्तीची सवय

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला पोकरवरील लेख वाचला. पत्त्यांच्या खेळावर मराठी वर्तमानपत्रात कोणी निषेधापुरते न थांबता खेळाच्या अंगाने लिहावे, ही गोष्ट विरळच, म्हणून तो दोनदा वाचला. नवख्या खेळाडूला त्यात एक सल्ला दिला आहे: हातात एक्क्यांची, राजांची किंवा राण्यांची जोडी आली तर ती लगेच उघड होऊ देऊ नये, सुरुवातीला नुसता कॉल करून, म्हणजे इतरांनी लावले तेवढेच लावून, गप्प बसावे, इतरांना डावात येऊ द्यावे आणि शेवटी सगळ्यांना एकदम कापावे. सल्ला ऐकायला चतुर वाटतो. पण कमी पैशांच्या ऑनलाइन टेबलावर तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे मी पदरचे पैसे घालवून शिकलेलो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आधी एक खुलासा करतो, कारण तो मूळ लेखात यायला हवा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. मी ज्या साइटवर खेळत असे तिने त्याच महिन्यात पैशांची टेबले बंद केली आणि खात्यात उरलेले पैसे मी काढून घेतले. त्यामुळे पुढे जे डाव सांगणार आहे ते त्यापूर्वीचे आहेत. आता मी पुतण्याबरोबर आणि दोन-चार जुन्या सोबत्यांबरोबर फुकटच्या चिप्सवर खेळतो. पैशांची टेबले पुन्हा सुरू व्हावीत असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे फक्त जोडीबद्दल आहे.

लेखकाची चूक कोठून आली असावी याचा मला अंदाज आहे, कारण माझीही तेथूनच आली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे हिशेबनीस होतो. दिवाळीला माग बंद झाले की लक्ष्मीपूजनाच्या रात्री गोदामात गाठी बाजूला सारून सतरंजी अंथरली जायची, आणि मालक घरी गेले की मध्ये एक पितळी ताट यायचे, त्यात बुटाचे, म्हणजे डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने टाकायचे, पैसे पडायचे. खेळ अर्थातच तीन पत्ती. आम्हाला तो शिकवला एका तेलुगू जॉबरने, म्हणजे मागांवरच्या मुकादमाने, आणि त्याचा पहिला धडा मला अजून शब्दशः आठवतो: ‘का बे, जोडी आली की श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही.’ तो स्वतः जोडी हातात घेऊन तंबाखू मळत बसायचा, पत्ते न पाहता ब्लाइंड खेळणाऱ्यांना चाल वाढवू द्यायचा, आणि ताट भरले की शो मागायचा. त्याचे बरोबर होते. तीन पत्तीत वाटप झाले की हात ठरला, त्यानंतर एकही पत्ता येत नाही. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांतले ३,७४४ जोडीचे, म्हणजे साधारण सहा हातांत एक, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश हातांत तर जोडीही नसते. असा हात घेऊन तुम्ही अर्धा तास गप्प बसलात तरी पत्ते शिळे होत नाहीत, कारण समोरच्याचा हात त्या अर्ध्या तासात तसूभरही सुधारत नाही.

होल्डेम पोकरमध्ये नेमके हेच उलटे आहे. हातात दोन पत्ते, आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच: आधी फ्लॉपचे तीन, मग टर्नचा एक, मग रिव्हरचा एक. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आहे याचा अर्थ फक्त या क्षणी तुम्ही सर्वांच्या पुढे आहात, एवढाच. अजून पाच पत्ते यायचे आहेत, ते सर्वांचे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक पत्ता कोणाला तरी दोन जोड्या, सिक्वेन्स (ओळीने पाच पत्ते) किंवा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) देऊ शकतो. तुमची जोडी मात्र फारशी वाढत नाही. फ्लॉपवर तिसरा एक्का येण्याची शक्यता शंभरात सुमारे १२. थांबण्याची किंमत तीन पत्तीत शून्य असते, येथे ती दर पत्त्याला वाढते.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याला नोकरीस असलेल्या पुतण्याने मला फोनवरून हा खेळ शिकवला. एक रुपया आणि दोन रुपये ब्लाइंडचे टेबल, बसताना २०० रुपये. येथे ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधीच दोघांना सक्तीने घालावी लागणारी रक्कम; त्यांतली मोठी घालणारा तो बिग ब्लाइंडवाला. पहिल्याच आठवड्यात इस्पिक आणि चौकट असे दोन एक्के आले. जॉबरचा धडा आठवला आणि मी दोनच रुपये घालून गप्प बसलो. माझ्यामागून एकेक करून सगळे आत आले. बिग ब्लाइंडवाल्याला तर काही घालायचेही नव्हते, त्याने चेक केले, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. सहा जण, पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, १२ रुपये. फ्लॉप आला अठ्ठी, पंजी, दुर्री, रंग वेगवेगळे. याहून निरुपद्रवी फ्लॉप तो कोणता, असे वाटून मी ८ रुपये लावले, दोघे आले. टर्नला राणी. मी २५ लावले, बिग ब्लाइंडवाल्याने वाढवले, आणि तो थापा मारतो आहे अशी खात्री बाळगून मी उरलेले सगळे सारले. त्याच्याकडे अठ्ठी आणि पंजी होती. दोनशेच्या दोनशे गेले. तासाभराने पुतण्याला सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘काका, तो फुकट आत आला होता. त्याला बाहेर जायचं का, असं तुम्ही विचारलंच नाहीत.’

हा टोला मला लागला, कारण तो हिशेबाचा होता. अठ्ठी-पंजी घेऊन बसलेल्या माणसाला फ्लॉपवर दोन्ही पत्ते जुळून दोन जोड्या मिळण्याची शक्यता शंभरात दोनच असते. मी १० रुपये केले असते आणि तो तरीही वरचे ८ भरून आला असता, तर त्या दोन टक्क्यांसाठी दर खेपेला पैसे मोजण्याचा तोटा त्याच्या नावावर पडला असता. मी मात्र त्याला ती सोडत फुकट काढू दिली.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, आणि तो केवळ आपल्या लेखातच नाही, उलट सल्ला देणाऱ्यांतही असतो. ‘जोडी मोठी असली की रेझ करून, म्हणजे रक्कम वाढवून, लोकांना पळवावे, म्हणजे ती फुटत नाही,’ असे पुष्कळ जण सांगतात. हेही बरोबर नाही. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका अनोळखी हाताविरुद्ध शेवटपर्यंत गेली तर शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते. तिघांविरुद्ध सुमारे ६४, पाच जणांविरुद्ध सुमारे ४९. आकडा उतरतो हे खरे, पण सहा जणांत निम्मे पॉट आपले हा वाट्यापेक्षा तिप्पट भाग झाला. लोक येतात हे दुखणे नव्हेच. ते दोन रुपयांत येतात हे दुखणे आहे. माझा डाव कागदावर मांडून पाहा. सहा जणांचे १२ रुपये, त्यातले ४९ टक्के म्हणजे सुमारे ६, माझे २ वजा जाता ४ रुपये. त्याच हातावर मी १२ रुपये केले असते आणि तिघे आले असते, तर पॉट ४८, त्यातले ६४ टक्के सुमारे ३१, माझे १२ वजा जाता १९. बारा रुपये भरून येणाऱ्यांचे पत्ते सरासरीपेक्षा थोडे बरे असणार, त्यामुळे प्रत्यक्षात १९ चे थोडे कमी होतील. तरी चारशी तुलना करण्याइतके कमी होत नाहीत. रेझ करायचा तो कोणाला पळवण्यासाठी नाही, तर आपण पुढे आहोत हे नक्की असलेल्या एकमेव वेळी पैसे पडावेत म्हणून.

आणि स्वस्त टेबलावर ते पडतात. लेखकाने गृहीत धरले आहे की मोठी रक्कम पाहून समोरचा घाबरेल. लाखांच्या टेबलावर घाबरतही असेल. पण दोन रुपयांच्या ब्लाइंडवर बसलेला माणूस दिवसभराचे काम संपवून, जेवून, एका हाताने फोन धरून खेळत असतो. तो काही पत्ते टाकून देण्यासाठी बसलेला नसतो. त्याला फ्लॉप पाहायचा असतो, आणि त्यासाठी तो ८ काय, १२ रुपयेही देतो. जो माणूस मागितल्यावर देतो आहे, त्याच्यापासून दुकान लपवून ठेवण्यात कोणते शहाणपण? मी पुढे ठरवलेला नियम साधा होता: २ रुपयांच्या ब्लाइंडवर ८ रुपये, आणि माझ्याआधी कॉल करून बसलेल्या प्रत्येकामागे आणखी २. माझ्याआधीच कोणी रेझ केलेला असेल, तर एक्क्यांवर आणि राजांवर त्याच्या तिप्पट. आता फुकटच्या चिप्सवर लोक याहूनही सढळ हाताने कॉल करतात, म्हणून मी आकडाही वाढवला आहे.

फ्लॉप पडल्यावर काय करावे, हे लेखात दोन ओळींत आटोपले आहे. खरे तर डाव तेथेच असतो, म्हणून एक डाव सविस्तर सांगतो. माझ्याकडे राजांची जोडी, आधीचे दोघे कॉल करून बसलेले. मी १२ केले. बिग ब्लाइंडवाला आणि पहिला माणूस आले, दुसऱ्याने दोन रुपये सोडले. पॉट ३९. फ्लॉप: इस्पिक नव्वी, इस्पिक छक्की, चौकट दुर्री. दोघांनी चेक केले. येथे ‘आता तरी थोडे थांबू’ असे मन म्हणते. पण दोन इस्पिके समोर आहेत, तिसऱ्याची वाट पाहणारा कोणी तरी असणार, आणि नव्वी जुळलेलाही कोणी तरी असणार, हे दोघेही आत्ता पैसे देतील. मी २६ लावले. बिग ब्लाइंडवाला गेला, दुसरा आला. पॉट ९१. टर्नला बदाम राणी, त्याने पुन्हा चेक केले, मी ६० लावले. आता त्याच्या बाजूने हिशेब करू. पॉटमध्ये १५१ आहेत आणि त्याला ६० भरायचे आहेत, म्हणजे त्याचा कॉल वसूल होण्यासाठी तो शंभरात २८ वेळा तरी जिंकायला हवा. इस्पिकाची वाट पाहत असेल तर त्याला न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ इस्पिके आहेत, म्हणजे शंभरात २० सुद्धा नाहीत. तरीही त्याने ६० भरले. रिव्हरला इस्पिक चव्वी आली, आणि इतका वेळ नुसता कॉल करणाऱ्या त्या माणसाने सगळे सारले. मी राजे टाकून दिले. त्याने मोठ्या खुशीने पत्ते दाखवले: इस्पिकाचे गुलाम आणि तिर्री.

माझी एक वही होती, जुन्या सवयीने लाल रेघांची, आणि प्रत्येक मोठ्या जोडीच्या डावासमोर मी तिच्यात दोन रकाने भरत असे: एक निकालाचा, दुसरा निर्णयाचा. राजांच्या त्या डावासमोर ‘उणे ९८’ आणि ‘बरोबर’ असे लिहिले आहे. एक्क्यांच्या पहिल्या डावासमोर ‘उणे २००’ आणि ‘चूक’. गुलाम-तिर्रीवर ९८ रुपये भरणाऱ्या माणसाबरोबर मला रोज बसायला मिळाले असते तर मी आनंदाने बसलो असतो, मग त्या दिवशी इस्पिक येवो की न येवो. ही दोन खाती वेगळी ठेवली नाहीत, तर दोनदा राजे हरलेला माणूस तिसऱ्यांदा राजे आले की भिऊन गप्प बसतो, आणि मग त्याला आपल्या लेखातला सल्ला पटू लागतो.

मोठ्या जोड्या सगळ्या सारख्या नसतात, हेही लेखात निसटले आहे. एक्क्यांवर फ्लॉपमध्ये वरचा पत्ता येऊच शकत नाही. राजांवर एक्का येण्याची शक्यता शंभरात साडेबावीस. राण्यांवर एक्का किंवा राजा येण्याची ४१. गुलामांवर त्यांच्यापेक्षा मोठा एखादा पत्ता येण्याची ५७. गुलामांची जोडी घेऊन गप्प बसणे म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा फ्लॉपवर स्वतःलाच कोड्यात टाकणे आहे. अर्थात एक्का पडला म्हणून तो समोरच्याकडे आहेच असे नाही. एकदा लावून पाहावे, आणि कॉल आला तर पुढे सबुरीने घ्यावे.

सर्वांत अवघड काम मात्र पैसे लावण्याचे नाही, पत्ते टाकण्याचे आहे. तासभर एक जण माझ्याबरोबर टेबलावर होता. त्याने त्या तासात एकदाही रेझ केला नव्हता. जे येईल त्याला कॉल, नाहीतर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून मोकळा. माझ्याकडे राण्या आल्या, मी ८ केले, तो बिग ब्लाइंडवरून आला. फ्लॉप गुलाम, अठ्ठी, चव्वी. मी १२, त्याचा कॉल. टर्नला दुसरी अठ्ठी. मी २८ लावले आणि त्याने ९० केले. हिशेबाने मला आणखी ६२ भरून १५९ चा पॉट मिळवायचा होता, म्हणजे शंभरात २८ वेळा पुढे असलो तरी पुरे. कागदावर हे सोपे दिसते. पण तासभर बैलासारखा मुकाट चाललेला माणूस अठ्ठी पडल्याबरोबर शिंगे उगारतो, तेव्हा राण्या शंभरात २८ वेळाही पुढे नसतात. आणि मागे असतील, तर उरलेल्या राण्या दोनच. वर रिव्हरला त्याचे राहिलेले पैसे येणार ते वेगळेच. राण्या दिसायला फार सुंदर होत्या, मी पुष्कळ वेळ बोट फोल्डवर ठेवून बसलो आणि घड्याळ संपत आल्यावर दाबले. त्याने अठ्ठी-नव्वी दाखवली. वहीत नोंद आहे, ‘उणे ४८, बरोबर’.

लपवून खेळलेल्या जोडीचा खरा तोटा येथे कळतो. राण्यांच्या डावात मी आधी ८, मग १२, मग २८ मागितले होते, म्हणून त्याच्या ९० ला अर्थ होता. माझा जोर माहीत असूनही तो वाढवतो आहे, एवढे मला कळत होते. एक्क्यांच्या डावात फ्लॉपआधी मी काहीच मागितले नव्हते, त्यामुळे समोरच्याने वाढवले तेव्हा त्याला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हते आणि मलाही त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हते. जो जोडी लपवतो तो समोरच्याचे पत्तेही स्वतःपासून लपवून ठेवतो.

गप्प बसण्याला जागाच नाही असे मी म्हणत नाही. तुमच्यामागे बसलेला माणूस प्रत्येक डावाला हटकून रेझ करणारा असेल, तर एक्क्यांवर नुसता कॉल करून त्याला वाढवू द्यावे आणि मग आपण वाढवावे. दोन रुपयांच्या टेबलावर असा माणूस क्वचितच भेटतो.

आणखी एक कारण कमी पैशांच्याच खेळाला लागू आहे. पॉटमधून साइट आपला रेक, म्हणजे आपले कमिशन, कापून घेत असे. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता. लहान खेळाडूच्या हाती एवढ्यातून काही उरायचे असेल, तर ते एक्के, राजे, राण्या यांवरच. आणि या तिन्ही जोड्या मिळून ७४ वाटपांत एकदा येतात. त्या एका वेळी १२ रुपयांच्या पॉटवर समाधान मानणारा माणूस बाकीच्या ७३ वाटपांत नुसते ब्लाइंड भरत बसलेला असतो. माझेच वर्षाचे खाते काही फार फायद्यात नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो, चहापाण्यापुरते सुटले.

शेवटी एक विनंती. लेखासोबतच्या चौकटीत ‘जोडी येण्याची शक्यता सहात एक’ असे छापले आहे. तो आकडा तीन पत्तीचा आहे. होल्डेममध्ये दोन पत्त्यांचे १,३२६ हात होतात आणि त्यांतले ७८ जोडीचे, म्हणजे १७ त एक; एक्क्यांच्या जोडीचे फक्त ६, म्हणजे २२१ त एक. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस
जुळे सोलापूर, सोलापूर